रक्तातली घड्याळं

सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला गेलं की एकाच सुईतून तीन-चार नळ्या भरून घेतात. त्यांची टोपणं वेगवेगळ्या रंगांची असतात. त्यातल्या राखाडी टोपणाच्या नळीच्या तळाशी सोडियम फ्लोराइडची चिमूटभर पूड असते. ती तिथे का असते, याचं उत्तर थक्क करणारं आहे. रक्त शरीराबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. त्या जगत राहतात, आणि जगायचं म्हणजे खायला हवंच. नळीत बंद झालेल्या रक्तातली साखर या पेशी दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी संपवत जातात. फ्लोराइड त्यांच्या या खाण्याला आळा घालतं. ते नसेल आणि सकाळी काढलेलं रक्त दुपारी तपासलं, तर साखर खऱ्यापेक्षा बरीच कमी दिसेल.

या खाणाऱ्यांत सर्वांत मोठी संख्या तांबड्या पेशींची. तांबडी पेशी ही शरीरातली विलक्षण गोष्ट आहे. तिला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, नवी प्रथिनं तयार करून स्वतःची डागडुजी करण्याची सोय नाही. ती निव्वळ ग्लुकोजवर सुमारे १२० दिवस जगते, आणि तेवढ्या काळात रक्तातून जे जे वाहत येईल त्याच्या खुणा अंगावर घेत हिंडते.

रिपोर्ट हातात आला की आपण सगळे आकडे एका दमात वाचून काढतो, जणू ते सगळे आज सकाळचेच आहेत. तसं नसतं. त्या एका कागदावर काल रात्रीचं जेवण असतं, गेला महिना असतो, गणपतीच्या मोदकांपासून दिवाळीच्या फराळापर्यंतचा सगळा काळ असतो, आणि एखाद्या आकड्यामागे तर कित्येक वर्षं उभी असतात. रक्तातल्या प्रत्येक घटकाचं घड्याळ वेगळं आहे, आणि ते कोणत्या गतीने चालतं हे कळलं की तोच कागद निराळा दिसू लागतो.

सगळ्यांत घाईचं घड्याळ साखरेचं आणि चरबीचं. भरपूर तूप घातलेली पुरणपोळी खाऊन तीन-चार तासांनी कुणाचं रक्त काढलं आणि ती नळी यंत्रात गरगर फिरवली, की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर द्रव उरतो. एरवी हा द्रव पारदर्शक, फिकट पिवळा असतो. आता मात्र तो गढूळ दिसतो, आणि ज्यांच्या रक्तात मुळातच चरबी जास्त आहे त्यांचा तर दुधासारखा पांढरा. प्रयोगशाळेतली मंडळी याला ‘लिपेमिक सॅम्पल’ म्हणतात. खाल्लेली चरबी डोळ्यांना दिसेल अशी रक्तात तरंगत असते.

ती तिथे पोचते तो रस्ता मला फार नवलाचा वाटतो. भातातली साखर आणि डाळीतली प्रथिनं पचली की आतड्यातून थेट यकृताकडे जातात. तुपातली बहुतेक चरबी तसं करत नाही. आतड्याच्या पेशी तिचे बारीक गोळे बांधतात, त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. हे गोळे रक्तवाहिन्यांत शिरायला फार मोठे असतात, म्हणून ते लसिकावाहिन्यांतून छातीच्या आतून वर चढतात आणि डाव्या गळपट्टीच्या हाडाजवळ रक्ताला मिळतात. म्हणजे पुरणपोळीवरचं तूप यकृताला भेटण्याआधीच हृदयातून आणि फुफ्फुसांतून फिरून आलेलं असतं. ट्रायग्लिसराइडचा आकडा जेवणानंतर वर जातो तो यामुळेच, आणि या तपासणीला रात्रभर उपाशी राहायला सांगण्याची पद्धत पडली तीही यामुळेच. एलडीएल आणि एचडीएल हे कोलेस्टेरॉलचे आकडे मात्र एका जेवणाने फारसे हलत नाहीत.

साखरेची गोष्ट याहून गुंतागुंतीची. टोरोंटोचे डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ६२ खाद्यपदार्थ तपासले आणि ग्लायसेमिक इंडेक्स ही मोजपट्टी मांडली. सारख्याच वजनाची कर्बोदकं पोटात गेली तरी बटाटा रक्तातली साखर झपाट्याने चढवतो आणि डाळी-कडधान्यं ती सावकाश चढवतात, हे त्यातून आकड्यांत दिसलं. पण माझ्या मते त्याच गटाचा पुढच्या वर्षीचा शोध जास्त चकित करणारा आहे. सकाळी मसूर खाल्ले, तर दुपारच्या जेवणानंतरही साखर कमी चढते. दुपारी काय वाढलंय ते तेच असतं, फक्त सकाळ वेगळी गेलेली असते. पुढे स्वीडनमधल्या संशोधकांनी याहून लांबचा पल्ला दाखवला. रात्री अख्ख्या जवाचा पाव खाल्ला, तर दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतरची साखर खाली राहते. जवाचा जो भाग लहान आतड्यात पचत नाही, तो रात्रभर मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंच्या वाट्याला येतो. ते तो आंबवतात आणि त्यातून लहान साखळीची मेदाम्लं बाहेर पडतात. सकाळी इन्सुलिनचं काम सुधारतं त्यात या मेदाम्लांचा हात असावा असं मानलं जातं. आपण झोपलेलो असताना आपल्या नाश्त्याची तयारी आपल्यातलेच कोट्यवधी जीव करत असतात.

जेवणातला क्रमसुद्धा रक्तात उमटतो. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या गटाने २०१५ मध्ये मधुमेहाच्या मोजक्या रुग्णांना एकच जेवण दोन क्रमांनी दिलं. आधी पाव आणि मग भाजी-चिकन, किंवा आधी भाजी-चिकन आणि मग पाव. दुसऱ्या क्रमाने जेवल्यावर तासाभरानंतरची साखर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी निघाली. आपल्या पंगतीत पहिला हात वरण-भाताला लागतो आणि कोशिंबीर ताटाच्या डाव्या कडेला तोंडी लावायला थांबते. ज्यांना साखर सांभाळायची आहे त्यांनी कोशिंबीर आणि उसळ आधी संपवून मग भाताकडे वळायला काहीच हरकत नाही. पदार्थ तेच राहतात, खर्च वाढत नाही.

तासांच्या घड्याळाची एक अडचण आहे. ते तपासणीच्या आदल्या दोन दिवसांच्या शहाणपणाने फसतं. म्हणूनच एचबीए१सी या तपासणीला एवढं महत्त्व आलं.

ग्लुकोजचा रेणू हिमोग्लोबिनच्या साखळीच्या टोकाला आपोआप चिकटतो. त्याला कुठल्याही एन्झाइमची मदत लागत नाही. रक्तात साखर जितकी जास्त आणि पेशी जितकी जुनी, तितकं जास्त हिमोग्लोबिन असं साखर लागलेलं. त्याची टक्केवारी म्हणजे एचबीए१सी. तेहरान विद्यापीठातले सॅम्युएल रहबार हिमोग्लोबिनचे विरळ प्रकार शोधत रुग्णांचं रक्त तपासत होते, तेव्हा मधुमेहाच्या रुग्णांच्या रक्तात त्यांना हिमोग्लोबिनचा एक जास्तीचा पट्टा दिसला. एखाद्या रुग्णाची ती जन्मजात विकृती असती तर नोंद करून विषय संपला असता. पण मधुमेहाच्या रुग्णांत तो पट्टा पुन्हा पुन्हा दिसत गेला. १९६८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आज ५.७ टक्क्यांच्या खाली निर्धास्त, ६.५ आणि त्यावर मधुमेह, ही जी रेघ आपण सगळे तोंडपाठ म्हणतो, तिचं मूळ त्या पट्ट्यात आहे.

या आकड्यात तीन-चार महिने असतात हे खरं, पण ते सारख्या वजनाने नसतात. साधारण निम्मा भाग शेवटच्या तीस दिवसांचा असतो. आणि हे घड्याळ तांबड्या पेशीच्या आयुष्यावर बेतलेलं असल्यामुळे ते आयुष्य बदललं की आकडाही बदलतो. शरीरात लोह कमी असेल तर साखर ठीक असूनही एचबीए१सी थोडा वर दिसू शकतो. उलट नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात पेशी लवकर फुटतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि मधुमेह असूनही आकडा दिलासा देणारा येऊ शकतो. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय किती सर्रास आहे हे पाहता, हिमोग्लोबिनचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय एचबीए१सी वाचूच नये असं माझं ठाम मत आहे.

कोलेस्टेरॉलचं घड्याळ आठवड्यांचं. त्याची किल्ली पित्तात आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती आतड्यात उतरून चरबी पचवायला मदत करतात, आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यातली सुमारे ९५ टक्के परत शोषली जाऊन यकृताकडे येतात. तीच पित्ताम्लं दिवसातून अनेक फेऱ्या मारतात. आता पोटात विद्राव्य तंतू आले, म्हणजे ओट्सचे, जवाचे, इसबगोलाचे, भेंडीचे, की त्यांचा चिकट लगदा होतो आणि काही पित्ताम्लं त्यात अडकून शौचावाटे निघून जातात. यकृताला तूट भरून काढावी लागते. त्यासाठी कोलेस्टेरॉल हवं, म्हणून ते आपल्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राही वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल आत ओढून घेतं. हे ग्राही शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. भेंडीच्या भाजीतली जी तार घालवायला आपण ताक-चिंच-आमसूल घालतो, तसल्याच बुळबुळीतपणाने ही सगळी साखळी हलते.

जेन्किन्स यांनी ही साखळी ताटात मांडून पाहिली. त्यांनी ओट्स, जव, इसबगोल, सोयाबीन, बदाम आणि वनस्पतींमधली स्टेरॉल घातलेलं मार्गरिन असा आहार बसवला. भाज्यांमध्ये भेंडी आणि वांगी होती, हे वाचून कुठल्याही मराठी माणसाला बरं वाटावं. कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४६ जणांचे तीन गट केले. एकाला कमी चरबीचा साधा आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि लोव्हास्टॅटिनची गोळी, तिसऱ्याला हा नवा आहार. महिन्याभराने पहिल्या गटाचं एलडीएल ८ टक्क्यांनी उतरलं, गोळीवाल्यांचं ३०.९ टक्क्यांनी आणि नव्या आहारवाल्यांचं २८.६ टक्क्यांनी. २००३ मध्ये हे निष्कर्ष आले तेव्हा खळबळ उडाली. भेंडी-वांगी-इसबगोल-बदाम यांनी एका जुन्या, भरवशाच्या औषधाच्या जवळपास मजल मारली होती. दाहाची खूण असलेला सीआरपीचा आकडाही आहाराच्या गटात २८.२ टक्क्यांनी खाली आला.

त्या प्रयोगात अन्न संशोधकांनीच पुरवलं होतं. पुढे २०११ मध्ये ३५१ जणांना केवळ सल्ला देऊन घरी सोडलं आणि सहा महिन्यांनी पाहिलं, तर घट १३ ते १४ टक्के निघाली. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला आकडा शरीरात काय होऊ शकतं हे सांगतो, दुसरा आपल्या घरादारात, सणावारात, ऑफिसच्या डब्यात त्यातलं किती टिकतं हे सांगतो. मला दुसरा आकडा कमी महत्त्वाचा वाटत नाही. आपापल्या स्वयंपाकघरात शिजवून, कुणी न वाढता, सहा महिने टिकलेली १३ टक्के घट ही फार मोठी गोष्ट आहे. ज्यांना डॉक्टरांनी गोळी दिली आहे त्यांनी मात्र ती या प्रयोगाच्या भरवशावर बंद करू नये. या आहारावर काय होतं ते गोळी चालू असतानाही दिसतं.

आतापर्यंतचे आकडे शरीराची स्थिती सांगणारे होते. काही घटक याहून थेट बोलतात. ते खाल्लेल्या पदार्थाचंच नाव सांगतात. माणसांना काय खाल्लं असं विचारलं की उत्तर अपुरं येतं. त्यात लबाडी नसते, रोजचं खाणं आठवतच नाही. मग संशोधक रक्ताला विचारतात. गव्हाच्या कोंड्यात अल्किलरिसॉर्सिनॉल नावाचे घटक असतात, मैद्यात ते जवळजवळ नसतात. म्हणून रक्तात ते किती सापडतात यावरून कोंड्यासकट दळलेला गहू पोटात जातो की नाही ते कळतं. हे घड्याळ फार घाईचं, काही तासांतच निम्मं ओसरतं. जो रोज चक्कीच्या पिठाची पोळी खातो त्याच्या रक्तात ते कायम सापडतात, ज्याने कालच एकदा खाल्ली त्याच्या रक्तात ते लवकरच दिसेनासे होतात.

गाजर, पालक, पपई, आंबा, लाल भोपळा यांतली कॅरोटिनॉइड याहून सावकाश ओसरतात, दिवस-आठवड्यांच्या हिशेबाने. ती चरबीत विरघळतात, त्यामुळे पालकाच्या भाजीवरची फोडणी केवळ चवीसाठी नसते. तेलाच्या सोबतीनेच हे रंग आतड्यातून रक्तात येतात. युरोपातल्या आठ देशांतल्या लोकांच्या साठवलेल्या रक्तात कॅरोटिनॉइड आणि क जीवनसत्त्व मोजून २०२० मध्ये एक मोठा अभ्यास आला. दिवसाला फळं-भाज्या ६६ ग्रॅमनी जास्त खाण्याइतका जो फरक रक्तात दिसत होता, त्याच्याशी टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी असल्याचं जोडलेलं होतं. ६६ ग्रॅम म्हणजे मध्यम पेरूच्या निम्म्याहून थोडं अधिक.

इथे एक मोठा सापळा आहे, आणि विज्ञान त्यात एकदा पुरतं अडकलं होतं. ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन हे कॅरोटिनॉइड जास्त, त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी होतो, हे १९८० च्या दशकात वारंवार दिसत होतं. मग बीटा-कॅरोटीनच दिलं तर? फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी दिली, पाच ते आठ वर्षं. १९९४ मध्ये निकाल हाती आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. रक्तातला आकडा चांगला झाला होता आणि माणसं जास्त आजारी पडली होती. भाज्या खाणाऱ्याच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असतं, कारण तो भाज्या खातो. त्या भाज्यांबरोबर तंतू येतात, पोटॅशियम येतं, फोलेट येतं, आणि तेवढ्या जागेपुरतं दुसरं काही ताटात येत नाही. रंगाचा एक रेणू या सगळ्याची खूण होता. खुणेलाच औषध समजणं महागात पडलं. रक्तातला एखादा आकडा सुधारण्यासाठी बाटलीतली गोळी सुचवणाऱ्या प्रत्येक जाहिरातीपुढे मला फिनलंडमधली ती माणसं आठवतात.

तांबड्या पेशीकडे पुन्हा वळू, कारण तिच्या अंगावर साखरेखेरीज आणखीही काही लिहिलेलं असतं. पेशीचं आवरण मेदाम्लांनी बनतं, आणि कोणत्या मेदाम्लांनी बनतं हे बरंचसं आहारावर ठरतं. बांगडा किंवा तारली आठवड्यातून दोन-तीनदा खाणाऱ्या कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाच्या पेशींच्या आवरणात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं अधिक सापडतात. आपण गिळलेल्या माशाच्या तेलाचे रेणू आपल्या पेशीच्या भिंतीत बसलेले असतात. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी खातात. तिच्यातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, आणि शरीर त्यातलं थोडंच ईपीएमध्ये बदलतं, डीएचएमध्ये तर त्याहून कमी. जवस चांगलाच आहे, त्यातल्या तंतूंसाठीही चांगला आहे. फक्त रक्तात तो बांगड्याची जागा घेत नाही.

आता वर्षांची घड्याळं. त्यांची गोष्ट मुंबईत सुरू होते.

१९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतल्या कामगार बायकांमध्ये गरोदरपणी भयंकर रक्तक्षय होत होता आणि त्यात अनेकींचा जीव जात होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या दिसत. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान आणि फिकट होतात, त्यामुळे हे काही वेगळंच प्रकरण होतं. विल्स या बायकांच्या खाण्याची चौकशी करू लागल्या आणि रोगजंतूंपेक्षा आहारावर त्यांचा संशय बळावला. उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले. शेवटी यीस्टचा अर्क, म्हणजे विलायतेत पावाला लावून खातात ते स्वस्तातलं मार्माइट, रुग्णांना दिला आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. दहा वर्षांनी अमेरिकेत पालकाच्या पानांतून फोलिक आम्ल वेगळं काढलं गेलं. आज जगभर गरोदर बायकांना जी फोलिक ॲसिडची गोळी देतात, तिची पाळंमुळं मुंबईच्या गिरणगावातल्या बायकांच्या रक्तात आहेत.

पेशी मोठ्या का होतात? अस्थिमज्जेत पेशी दुभागायच्या तर आधी डीएनए तयार व्हावा लागतो आणि त्याला फोलेट लागतं. ते नसेल तर पेशी वाढत राहते पण वेळेवर दुभागत नाही. बी१२ कमी पडलं तरी हेच होतं, कारण फोलेटला कामावर लावायला बी१२ हवं. आपल्याकडे मात्र एक चकवा आहे. एकाच बाईला लोह आणि बी१२ दोन्ही कमी असतील, तर काही पेशी लहान आणि काही मोठ्या होतात. सरासरी काढली की आकार अगदी साधारण येतो. रिपोर्टवरचा एमसीव्ही हा सरासरीचा आकडा ८० ते १०० च्या मधे शांत बसलेला असतो. खरी गोष्ट त्याच्याच जवळच्या आरडीडब्ल्यू या आकड्यात असते. पेशींच्या आकारांत किती तफावत आहे ते तो सांगतो, आणि तो वाढलेला असतो.

बी१२ काही सूक्ष्मजीवच बनवतात, झाडं बनवत नाहीत. आपल्याला ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि यकृतात काही मिलिग्रॅम साठा असतो. म्हणून खाणं बदललं तरी रक्तात त्याचा परिणाम दिसायला वर्षं लागतात. हे रक्तातल्या सर्वांत संथ घड्याळांपैकी एक.

पुण्यात केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे घड्याळ वाचलं. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ पुरुष त्यांनी तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी१२ कमी निघालं, आणि मध्यमवर्गात तर ८१ टक्के. खाऊनपिऊन सुखी म्हणावा असा तो वर्ग. बी१२ कमी पडलं की होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल रक्तात साचतं, आणि ५८ टक्के पुरुषांत ते वाढलेलं होतं.

याज्ञिकांचं एक छायाचित्र वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. त्यात ते आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, बीएमआय नेमका २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आतून चरबी जास्त, ही भारतीय ठेवण आहे. ती कधी सुरू होते हे शोधताना हा गट नवजात बाळांपर्यंत पोचला. पुण्यातली बाळं लंडनच्या गोऱ्या बाळांहून वजनाने कमी होती, पण वजनाचा हिशेब धरून पाहिलं तर त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त होतं. एक घासही खाण्याआधी.

बाळाने काही खाल्लं नव्हतं, खाणं आईचं होतं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांच्या गरोदरपणाचा अभ्यास चालू आहे. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची. गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ज्यांच्या खाण्यात वरचेवर होतं, त्यांची बाळं जन्मताना मोठी होती. जवळपास दोन तृतीयांश आयांमध्ये बी१२ कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांचं रक्त तपासलं, तेव्हा इन्सुलिनला सर्वाधिक विरोध त्या मुलांच्या शरीरात आढळला ज्यांच्या आईचं गरोदरपणी फोलेट भरपूर आणि बी१२ कमी होतं. लुसी विल्स यांच्या रुग्णांना जे वाचवून गेलं, तेच जोडीदाराशिवाय आलं की पुढच्या पिढीच्या रक्तात वेगळी नोंद करत होतं. सहा वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टवर त्याच्या जन्माआधीच्या घरातलं ताट उतरलेलं होतं.

ती मुलं मोठी होत गेली. २०१२ पासून याच मुला-मुलींना तारुण्यात शिरताना रोज २ मायक्रोग्रॅम बी१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. २ मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा पाच लाखावा भाग, चांगल्या आहारातून रोज जेवढं मिळायला हवं साधारण तेवढंच. गरोदरपणाची वाट न पाहता त्याआधीच सुरुवात करायची, हा त्यामागचा विचार. पुढे त्यांची लग्नं झाली, त्यांच्या घरी पाळणे हलले, आणि १९९३ नंतर ज्या बायकांची गरोदरपणात तपासणी झाली होती, त्यांच्या नातवंडांच्या नाळेचं रक्त तपासणीला आलं.